पान आधी, अ‍ॅप नंतर

६ डिसेंबर २०१८ रोजी वर्डप्रेसची ५.० ही आवृत्ती आली आणि जगभरच्या लाखो लोकांचा लिहिण्याचा पडदा एका अपडेटसरशी बदलला. त्या वेळी जगातल्या सुमारे एक तृतीयांश संकेतस्थळांमागे वर्डप्रेस होते. मराठी ब्लॉग, तालुका-जिल्ह्यांतली बातम्यांची संकेतस्थळे, शाळा, वाचनालये, प्रकाशन संस्था यांतली कितीतरी त्याच्याच जोरावर चालतात. पीएचपी भाषेत लिहिलेल्या, पंधरा वर्षे जुन्या या यंत्रणेच्या ऐन मध्यभागी रिअ‍ॅक्ट वापरून बांधलेले एक आधुनिक जावास्क्रिप्ट अ‍ॅप बसवले गेले. त्याचे नाव गुटेनबर्ग. आजूबाजूचे सगळे होते तसेच राहिले. डावीकडचा मेनू तोच, लॉगिन तेच, डेटाबेस तोच. फक्त लेख लिहायची जागा नवी.

चालत्या संकेतस्थळात नवे फ्रंटएंड अ‍ॅप कसे आणावे याचा इतका मोठा आणि इतका उघड्यावर झालेला प्रयोग क्वचितच सापडेल. तो नीट पाहायला हवा, कारण आपल्याकडे बँका, विद्यापीठे, महापालिका, सरकारी खाती याच कामाला लागलेली आहेत. जुने संकेतस्थळ आहे, त्यावर वर्षानुवर्षांचे फॉर्म, पावत्या, दाखले, निकाल आहेत, आणि तिथे आता ‘नवे तंत्रज्ञान’ आणायचे आहे. अनेकदा ठरते ते असे: अमुक तारखेला जुने बंद, त्याच तारखेपासून नवे सुरू. हा निर्णय चुकीचा आहे. नवे अ‍ॅप जरूर आणावे. पण जुने पान उभे ठेवून, एकेका कोपऱ्यातून.

यातला फरक थोडक्यात असा. जुन्या पद्धतीत ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो आणि सर्व्हर तयार पान पाठवतो. मजकूर, लिंक, फॉर्म सगळे त्यात असते. नव्या पद्धतीत सर्व्हर बऱ्याचदा जवळजवळ रिकामे पान पाठवतो. त्यात एक मोकळी चौकट असते आणि जोडीला जावास्क्रिप्टचा गठ्ठा, ज्याला या धंद्यात बंडल म्हणतात. बंडल उतरले, ब्राउझरने ते चालवले, त्याने पुन्हा सर्व्हरकडून माहिती मागवली, की मग चौकटीत मजकूर उमटतो. चालते तेव्हा हे सुरेख चालते. पान पुन्हा लोड न होता यादी बदलते, शुल्काची रक्कम जागच्या जागी मोजली जाते, चुकलेला रकाना तिथल्या तिथे लाल होतो. पण या साखळीतली एक कडी तुटली, तर समोर पांढरा पडदा उरतो.

गुटेनबर्गच्या कर्त्यांनी एक गोष्ट फार विचाराने केली. नव्या संपादकात लिहिलेला लेख साठवायचा कुठे, हा प्रश्न होता. त्यांनी नवे कोठार काढले नाही. डेटाबेसमधल्या ज्या रकान्यात २००३ पासून लेख साठवले जात होते, त्याच रकान्यात, साध्या एचटीएमएलमध्येच नवा लेखही जातो. परिच्छेद कुठे सुरू झाला, चित्र कुठे संपले याच्या खुणा एचटीएमएलच्या टिप्पण्यांच्या रूपात मजकुराभोवती ठेवल्या जातात, आणि टिप्पण्यांकडे ब्राउझर लक्षच देत नाही. म्हणजे उद्या गुटेनबर्ग काढून टाकले तरी लेख जसाच्या तसा वाचता येतो. जुने लेख नव्या संपादकात उघडले की ते ‘क्लासिक’ नावाच्या एका ठोकळ्यात अखंड बसतात. जुन्या प्लगइन्सनी संपादकाखाली जोडलेले पीएचपीचे रकानेही नव्या पडद्याच्या तळाशी दिसत राहतात आणि पूर्वीच्याच मार्गाने जतन होतात. अ‍ॅप नवे असले तरी मजकुरावरचा हक्क पानाकडेच राहिला. पुढे जे काही बिनसले, ते सावरता आले ते या एका निर्णयामुळे.

आणि बिनसले बरेच. नवा संपादक लेख जतन करताना रेस्ट एपीआय नावाच्या वेगळ्या वाटेने सर्व्हरशी बोलतो. ती वाट वर्डप्रेसच्या गाभ्यात डिसेंबर २०१६ मध्ये आलेली. जुन्या संपादकाला तिची गरजच नव्हती, त्यामुळे अनेक ठिकाणी सुरक्षेच्या प्लगइनने किंवा सर्व्हरच्या फायरवॉलने ती अडवलेली होती आणि कुणाला पत्ताही नव्हता. तासभर खपून लिहिलेला लेख प्रकाशित करायला जावे, तर जेसनचा प्रतिसाद वैध नाही असा इंग्रजी संदेश यायचा. लिहिणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. दोष त्याचा नसतो, अ‍ॅपचाही नसतो. दोन पिढ्यांच्या सांध्यात तो बसलेला असतो.

याहून गंभीर प्रश्न होता तो अंध आणि कळफलकावरच काम करणाऱ्या लोकांचा. ऑक्टोबर २०१८ मध्ये, म्हणजे आवृत्ती यायच्या दोन महिने आधी, वर्डप्रेसच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी चमूच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या स्वयंसेवकांना रिअ‍ॅक्ट येत नव्हते, त्यामुळे दोष दिसत असूनही त्यांना तो हाताने दुरुस्त करता येत नव्हता, हे त्यांच्या तक्रारीतले एक कारण होते. २०१९ मध्ये स्वतंत्र तपासणी झाली आणि नव्वदच्या आसपास दोषांची यादी निघाली. जुना संपादक परत देणारे ‘क्लासिक एडिटर’ हे प्लगइन पुढे ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांवर चालू राहिले. परत जायची वाट ठेवली होती म्हणून इतक्या लोकांचे काम थांबले नाही. आपल्याकडच्या किती संकेतस्थळांनी अशी वाट ठेवली आहे?

ट्विटरने २०१० मध्ये उलट टोक गाठून पाहिले. सगळे काम ब्राउझरवर सोपवले. पत्त्यात हॅश आणि उद्गारचिन्ह अशी जोडी आली, आणि त्या जोडीपुढचा भाग ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. त्यामुळे एखाद्या ट्विटची लिंक उघडली, तरी नेमके कोणते ट्विट हवे आहे हे सर्व्हरला कळायचे नाही. आधी मोकळे पान, मग बंडल, मग पत्ता वाचणे, मग माहिती मागवणे, आणि मग कुठे ती एकशे चाळीस अक्षरे. मे २०१२ मध्ये ट्विटरच्या अभियंत्यांनी जाहीर केले की पान पुन्हा सर्व्हरवरच तयार होईल. त्यांनी मोजपट्टी म्हणून पहिले ट्विट दिसेपर्यंतचा वेळ धरला होता, आणि पहिल्यांदा पान उघडण्याचा काळ पूर्वीच्या एक पंचमांशावर आल्याचे सांगितले. हेच ट्विटर २०१७ मध्ये ट्विटर लाइट घेऊन पुन्हा जावास्क्रिप्ट अ‍ॅपकडे वळले, तेव्हा भारतासारख्या देशांतले संथ नेटवर्क आणि महाग डेटा समोर ठेवून प्रत्येक किलोबाइटचा हिशेब केला गेला. तंत्र साधारण तेच, पण यावेळी सुरुवात वाचणाऱ्याच्या फोनपासून होती.

फेब्रुवारी २०११ मध्ये गॉकर या अमेरिकी समूहाने त्याच हॅशच्या पद्धतीवर आपली सगळी संकेतस्थळे एकदम नेली. जावास्क्रिप्ट अडखळले आणि लाइफहॅकरसकट त्यांच्या संकेतस्थळांवर मजकूरच दिसेना. लेख सर्व्हरवर सुखरूप होते. वाचकापर्यंत ते नेणारी दुसरी वाट मात्र उरलेली नव्हती.

यावर नेहमीचे उत्तर असते की आता जावास्क्रिप्ट कोण बंद करतो? ब्रिटनच्या सरकारी संकेतस्थळाच्या चमूने २०१३ मध्ये हे अंदाजाने न बोलता मोजून पाहिले. त्यांच्या १.१ टक्के भेटींत जावास्क्रिप्ट चालले नाही, म्हणजे दर ९३ जणांत एक. यातले जाणूनबुजून बंद ठेवणारे, किंवा ज्यांच्या ब्राउझरला ते चालतच नाही असे, फक्त ०.२ टक्के. उरलेल्या ०.९ टक्के लोकांच्या ब्राउझरमध्ये ते चालायला हवे होते, पण चालले नाही. नेटवर्क मध्येच गेले, कार्यालयाच्या फायरवॉलने फाइल अडवली, फोनने दम सोडला, एखाद्या ब्राउझर एक्स्टेंशनने खोडा घातला, अशी अनेक कारणे असू शकतात. आकडा ब्रिटनचा आहे आणि जुना आहे. पण तोच धरला, तर दहा लाख अर्ज येणाऱ्या एखाद्या भरतीत अकरा हजार उमेदवारांसमोर कोरी चौकट येते. घाटात रेंज जाणाऱ्या एसटीत बसून प्रवेशाची यादी पाहणारी मुलगी जावास्क्रिप्टची विरोधक नसते.

मराठीच्या वाट्याला यात वेगळे दुखणे येते, आणि त्याबद्दल फारसे बोललेच जात नाही.

समजा, जुन्या फॉर्ममधला नावाचा रकाना जे लिहाल ते घेत होता. नवे अ‍ॅप ब्राउझरमध्येच नाव तपासते. आधी प्रोग्रामरने ए ते झेड एवढीच अक्षरे चालतील असा नियम लिहिला. मराठीत लिहिणाऱ्यांची तक्रार आल्यावर त्याने नियम बदलून युनिकोडमधले कोणतेही ‘अक्षर’ चालेल असे केले. आता ‘कमल’ पास होते आणि ‘सुनीता’ नापास. कारण युनिकोडच्या वर्गीकरणात क, म, ल ही अक्षरे आहेत, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांचा वर्ग वेगळा आहे, त्यांना तिथे ‘खूण’ म्हटले जाते. नियमात तो वर्ग घातला नाही, तर निम्म्याहून अधिक महाराष्ट्राचे नाव अवैध ठरेल. लांबीचेही तसेच. ‘ज्ञानेश्वर’ वाचणाऱ्याला चार अक्षरी वाटते, जावास्क्रिप्ट त्याची लांबी १० मोजते, आणि तेच नाव यूटीएफ-८ मध्ये ३० बाइट घेते. जुना डेटाबेस बाइट मोजत असेल आणि नवे अ‍ॅप आपल्या पद्धतीने मोजत असेल, तर पडद्यावर सगळे ठीक दिसते आणि दाखल्यावर आडनाव अर्धे छापले जाते.

मग दिसण्याचा भाग. नव्या अ‍ॅपसोबत त्याची स्वतःची स्टाइलशीट येते आणि ती बहुधा रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते. बटणात ओळीची उंची नेमकी बसवली की वरची वेलांटी आणि खालचा उकार कापले जातात. शीर्षकाची अक्षरे मोकळी दिसावीत म्हणून अंतर वाढवले की शिरोरेषेचे तुकडे पडतात. रिअ‍ॅक्टचे प्रकल्प ज्या तयार साच्यातून वर्षानुवर्षे सुरू होत आले, त्यात पानाची भाषा इंग्रजी अशी नोंद आधीपासून असते, आणि घाईत ती तशीच राहते. एका ओळीची ही चूक आहे. पण तिच्यामुळे, ज्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी रूपे ठेवलेली असतात त्यातही हिंदी वळणाची रूपे उमटतात, आणि स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करू शकतो. जुन्या पानावर कुणीतरी कधीतरी हे सगळे सुधारलेले असते. नवे अ‍ॅप आले की ती मेहनत पुसली जाते आणि पुन्हा पहिल्यापासून तक्रारी.

इंग्रजी संकेतस्थळ क्रोमच्या भाषांतराने मराठीत वाचणाऱ्यांवर तर याहून मोठा आघात होतो. भाषांतर करताना क्रोम पानातला मजकूर उचलून त्या जागी स्वतःचे तुकडे ठेवतो. पानावर आपलीच मालकी आहे असे रिअ‍ॅक्ट धरून चाललेले असते. थोड्या वेळाने ते आपला जुना तुकडा काढायला जाते, तो जागेवर सापडत नाही आणि चूक होते. २०१७ च्या सोळाव्या आवृत्तीपासून रिअ‍ॅक्टचा नियम असा आहे की न सांभाळलेली चूक झाली की अ‍ॅपचे सगळे झाडच पडद्यावरून काढून टाकायचे. वाचणाऱ्याने केलेला गुन्हा एवढाच, की त्याने मजकूर मराठीत मागितला. हा दोष रिअ‍ॅक्टच्या जगात २०१७ पासून माहीत आहे, त्यावर तोडगेही आहेत, पण ते वापरायचे तर भाषांतर लावून पान कुणीतरी चाचणीत उघडून पाहावे लागते.

मग चांगले काम कसे असते? विकिपीडियाचा शोधाचा रकाना पाहावा. विकिपीडियामागची मीडियाविकी ही यंत्रणाही पीएचपीतलीच. मराठी विकिपीडिया २००३ पासून याच यंत्रणेवर आहे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाने २०२० च्या सुमारास व्ह्यू हे जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क स्वीकारले आणि सुरुवातीच्या कामांतले एक म्हणून नव्या मांडणीतला शोधाचा रकाना निवडला. पान येते तेव्हा तो रकाना म्हणजे साधा एचटीएमएल फॉर्म असतो. वाचकाने त्यात क्लिक केले की व्ह्यूचे अ‍ॅप मागवले जाते, आणि ते आले की टाइप करता करता लेखांची नावे, छोटी चित्रे, एका ओळीची माहिती खाली दिसू लागते. अ‍ॅप आलेच नाही, तर एंटर दाबावे. शोधाच्या निकालांचे पान वीस वर्षांपूर्वी उघडायचे तसेच उघडते. नवे आले आणि जुने मोडले नाही, हे एवढ्या छोट्या जागेत इतके स्वच्छ दिसते की हा रकाना अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात शिकवायला हवा.

या पद्धतीला सॉफ्टवेअर-लेखक मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये उपमा दिली, ती ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या जंगलात पाहिलेल्या झाडांची. आपल्या सह्याद्रीतही वडाच्या कुळातली झाडे अशी उगवताना दिसतात: दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात बी पडते, मुळे हळूहळू खाली उतरतात, जमिनीला टेकतात, आणि जुने झाड वठेपर्यंत नवे स्वतःच्या पायांवर उभे असते. संकेतस्थळाच्या बाबतीत याचा अर्थ असा, की पत्ते तेच ठेवायचे आणि एका पत्त्यामागचे काम नव्याकडे सोपवायचे. ते महिनाभर नीट चालले की मग दुसरा पत्ता.

विरोधातली बाजू खोटी नाही. दोन पिढ्या एका घरात ठेवायच्या तर खर्च येतो. जेक्वेरी ही जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी आणि रिअ‍ॅक्ट एकाच पानावर असले आणि दोघांनी एकाच तुकड्याला हात लावला तर गोंधळ होतो. सेशन जुन्या सर्व्हरवर संपलेले असते, पान लोड होत नसल्याने अ‍ॅपला ते कळत नाही, आणि लांबलचक अर्ज भरून सबमिट केल्यावर पुन्हा लॉगिनचा पडदा येतो. फेसबुकने २०२० मध्ये आपले डेस्कटॉप संकेतस्थळ नव्याने बांधले, तेव्हा सांगितले होते की जुन्या मुख्य पानासाठी दाबून लहान केलेली स्टाइलशीटच ४०० किलोबाइटहून मोठी झाली होती आणि पहिल्या दर्शनाला तिचा फक्त १० टक्के भाग लागत होता. थरावर थर चढवत गेले की असे होतेच, आणि कधीतरी ते उपसावे लागते. पण फेसबुकनेही रिअ‍ॅक्टची सुरुवात २०११ मध्ये पीएचपीच्या पानांतल्या न्यूजफीडपासून केली होती, आणि २०२० चे पाऊल उचलले तेव्हा त्यांच्याकडे ते तंत्र स्वतः घडवणारी माणसे होती. जिल्हा बँकेकडे ती नसतात. तिच्याकडे ठेकेदार असतो आणि ठेक्याला मुदत असते.

फ्रेमवर्कचेही आयुष्य ठेक्यासारखेच असते, हा मुद्दा निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचलेला दिसत नाही. अँग्युलरजेएस २०१० मध्ये आले, गुगलचे पाठबळ असल्याने अनेकांनी डोळे मिटून स्वीकारले. २०१६ मध्ये त्याची पुढची पिढी आली ती जुन्याशी न जुळणारी, आणि २०२१ च्या अखेरीस जुन्याला मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती गुगलने थांबवली. ज्यांनी सगळे संकेतस्थळ त्यात ओतले होते, त्यांना सगळे पुन्हा लिहावे लागणार होते. ज्यांनी फक्त कर्जाच्या हप्त्याचे गणकयंत्र त्यात केले होते, त्यांना ते एक गणकयंत्र बदलायचे होते.

तेव्हा निविदा लिहिताना फ्रेमवर्कच्या नावापेक्षा या गोष्टी लिहिल्या जाव्यात. जुना प्रत्येक पत्ता चालू राहील आणि बॅक बटण मागच्याच पानावर नेईल. जावास्क्रिप्ट आले नाही तरी मजकूर वाचता येईल आणि फॉर्म जाईल. पानाची भाषा मराठी अशी नोंदलेली असेल. भारत सरकारने आपल्या संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे ठेवली आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली, आणि दिव्यांगांना वापरता येण्याचे निकष त्यात स्पष्ट आहेत; ते निकष पाळल्याचा अहवाल बिलासोबत यावा. पहिला टप्पा एकाच पानाचा असावा, आणि किमान एक प्रवेशाचा किंवा भरतीचा हंगाम जुना फॉर्म शेजारी चालू राहावा.

चाचणीसाठी माणसे शोधायला लांब जायला नको. तालुक्याच्या महा ई-सेवा केंद्रात दिवसभर इतरांचे फॉर्म भरणारे चालक आहेत. कोणत्या फोनवर काय अडते, कोणत्या नावाला कोणता रकाना नकार देतो, ओटीपी आल्यावर पान कुठे हरवते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही. नवे पान सुरू करण्याआधी ते पंधरा दिवस अशा वीस-पंचवीस केंद्रांत द्यावे, या कामाचे पैसे चालकांना द्यावेत, आणि त्यांनी लिहून दिलेली प्रत्येक तक्रार मिटल्याशिवाय ठेकेदाराचा शेवटचा हप्ता सोडू नये.